आपली घडीची सायकल कोणत्या जातीची?



घडी घालून आगगाडीच्या डब्यात किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवता येईल अशी सायकल आता आपल्याकडेही अपूर्वाईची राहिलेली नाही. कोणी ती नवी विकत घेतो, कोणाला ती परदेशाहून परतलेल्या आप्ताकडून मिळते, तर कोणी ती जुन्या बाजारातून आणतो. मात्र ही नेमकी कोणती गाडी, असे विचारले असता पुष्कळांना तिच्या रंगापलीकडे काही सांगता येत नाही. एरवी त्यावाचून अडत नाही. परंतु टायर फाटला, एखादा भाग मोडला किंवा कारखान्याने सदोष गाड्या परत मागविल्या, म्हणजे या अज्ञानाची किंमत मोजावी लागते.

प्रथम टायरचेच पाहू. दुकानात जाऊन '१६ इंची टायर द्या' असे म्हटल्याने काम भागत नाही, कारण १६ इंची म्हणविणारी चाके एकाच मापाची नसतात. टायरच्या बाजूवर '३७–३४९' असे जोडआकडे उमटविलेले असतात. त्यांपैकी पहिला टायरची रुंदी दाखवितो आणि दुसरा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लहान मुलांच्या सायकलींचे १६ इंची चाक सामान्यतः ३०५ चे असते, तर ब्रॉम्प्टन या इंग्रजी गाडीचे ३४९ चे. दोघांत ४४ मिलिमीटरचे अंतर आहे. तेव्हा एकाचा टायर दुसऱ्यावर कितीही बळ लावले तरी बसावयाचा नाही. २० इंची चाकांतही ४०६ आणि ४५१ असे दोन निरनिराळे प्रकार आढळतात. म्हणून गाडीची ओळख पटविताना इंचांवर न विसंबता हे आकडे वाचावेत.

यानंतर गाडीची घडी कशी होते ते पाहावे. गाडी मधल्या बिजागरीवर दुमडून दोन्ही चाके शेजारी-शेजारी आली, तर ती डहॉन किंवा तत्सम घराण्यातील असण्याचा संभव अधिक. अमेरिकेत डेव्हिड हॉन यांनी हा कारखाना काढला. त्यांच्याच कुटुंबीयांनी २०११ मध्ये टर्न नावाचा वेगळा कारखाना सुरू केला. म्हणून या दोन गाड्यांत साम्य दिसते. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची १९६८ पासूनची 'ट्वेंटी' ही गाडीही लहान चाकांची; पण प्रत्येक ट्वेंटी घडीची नसते. फ्रेमच्या मध्ये बिजागरी असेल तरच ती घडीची समजावी.

ब्रॉम्प्टनची तऱ्हा याहून निराळी आहे. तिचे मागचे चाक प्रथम गाडीच्या पोटाखाली वळते, मग पुढचा अर्धा भाग बाजूस येतो, हँडल खाली पडते आणि शेवटी बैठकीचा दांडा खाली सरकविला की सारी घडी अडकून राहते. अँड्र्यू रिची या केंब्रिजच्या अभियंत्याने १९७५ च्या सुमारास लंडनमधील आपल्या राहत्या घरी हिचा नमुना रचला. खिडकीतून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून त्याने तिला नाव दिले. कारखान्यातील नियमित उत्पादन मात्र १९८८ मध्ये सुरू झाले. पुढे पेटंटची मुदत संपली आणि तशाच घडीच्या गाड्या इतरांनीही काढल्या. त्यामुळे केवळ घडी पाहून ब्रॉम्प्टन असल्याचा निर्वाळा देता येत नाही.

गाडी खरोखर ब्रॉम्प्टन असेल, तर तिचा प्रकार तिच्या अंगावरूनच वाचता येतो. २०२१ पर्यंत या कंपनीची पद्धत मोठी सुबोध होती. नावातील पहिले अक्षर हँडलचे: 'एम' म्हणजे दोन्ही बाजूंनी वर उचललेले, 'एस' म्हणजे सरळ व ठेंगणे, 'पी' म्हणजे वरखाली दोन ठिकाणी हात ठेवता येतील असे, आणि 'एच' म्हणजे सर्वांत उंच. मधला आकडा गिअरचा: १, २, ३ किंवा ६. शेवटचे अक्षर जोडसामानाचे: 'ई' म्हणजे मडगार्ड नाही व कॅरियरही नाही, 'एल' म्हणजे केवळ मडगार्ड, 'आर' म्हणजे दोन्ही. तेव्हा 'एम ३ एल' म्हणजे उचललेल्या हँडलची, तीन गिअरची, मडगार्ड असलेली पण कॅरियर नसलेली गाडी.

गिअर मोजण्याचीही युक्ती आहे. हँडलवर गिअरचा खटका नसेल तर एकच गिअर, आणि दोन खटके असतील तर सहा. खटका एकच असेल तर मागच्या चाकाकडे पाहावे. तेथे दात्यांची दोन चक्रे असतील तर गिअर दोन. चक्र एकच असून उजवीकडे आसातून बारीक साखळी बाहेर येत असेल तर गिअर तीन, आणि ते हबच्या पोटात दडलेले.

कधी नावाच्या शेवटी 'एक्स' असते. त्याचा अर्थ मागचा त्रिकोण व पुढचा चिमटा टायटॅनियमचा आहे. याची परीक्षा साध्या लोहचुंबकाने होते: मधल्या पोलादी नळीला चुंबक चिकटतो, टायटॅनियमला चिकटत नाही. २०२१ नंतर ही जुनी पद्धत जाऊन सी लाइन, पी लाइन अशी नावे आली. २०२२ मधील टी लाइनची मधली फ्रेमही टायटॅनियमची आहे, आणि २०२४ मधील जी लाइनला २० इंची चाके आहेत.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. हँडल बदलता येते, मडगार्ड काढता येते, चाक दुसऱ्या गाडीचे बसविता येते. ही सारी चिन्हे म्हणजे गाडीचा आजचा पोशाख होय. तिची जन्मनोंद क्रमांकात असते. ब्रॉम्प्टनचा क्रमांक बैठकीखालच्या उभ्या नळीच्या मागील अंगास पट्टीवर असतो. ओल्या फडक्याने धूळ पुसून तो उजेडात वाचावा. कंपनीला किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याला तो कळविला म्हणजे गाडी केव्हा तयार झाली याचा उलगडा होतो.

याचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानात येईल. एप्रिल २०१४ ते मे २०१७ या काळात तयार झालेल्या ब्रॉम्प्टन गाड्यांत, पायडल ज्या आसाभोवती फिरतात तो आस मोडण्याचा धोका आढळला. २०१७ मध्ये कंपनीने तो विनामूल्य बदलून देण्यासाठी सुमारे १ लाख ४४ हजार गाड्या परत बोलाविल्या. पायाचा सारा भार त्या आसावर असतो. भर रस्त्यात तो मोडला तर स्वाराचे काय होईल हे सांगावयास नको. अशी गाडी दोन-तीन हातांतून आपल्याकडे आली असेल, तर मूळ मालकाने आस बदलून घेतला की नाही हे आपल्याला कसे कळणार? रंग किंवा हँडल पाहून ते कळत नाही. क्रमांकावरून मात्र गाडी त्या काळातील आहे की नाही हे ठरते, आणि असेल तर आसाची तपासणी करून घेता येते.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या घरी घडीची सायकल असेल, मग ती कोणत्याही कारखान्याची असो, तर येत्या रविवारी तिच्याजवळ दहा मिनिटे बसावे. तिचा क्रमांक, टायरवरील दोन आकडे, गिअरची संख्या आणि ती कोणाकडून व केव्हा घेतली, हे एका वहीत टिपून ठेवावे. टायर मागविताना, सुटा भाग शोधताना, आणि दुर्दैवाने गाडी चोरीस गेल्यास पोलीस चौकीत तक्रार नोंदविताना हीच चार ओळींची टिपणी उपयोगी पडेल.