महागाई उतरली, मग डबा का महागला? ग्राहक किंमत निर्देशांक : डाउनलोड ते आलेख

मागे आवाज नीट येतोय ना? ठीक.

पत्रिकेवर आजचा विषय जरा भारदस्त छापलाय, पण मला तो सुचला डब्याच्या एका भांडणातून. पुण्यात मी राहतो त्या भागात एक काकू डबे देतात. माझाही डबा त्यांच्याकडूनच येतो. बाकीचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं. ऑगस्ट २०२४ मध्ये काकूंनी महिन्याचा दर दोनशे रुपयांनी वाढवला. नेमक्या त्याच आठवड्यात बातमी आली की जुलैचा महागाईचा दर ३.५४ टक्के, जवळजवळ पाच वर्षांतला सर्वांत कमी. आता ही मुलं चालू घडामोडी पाठ करणारी! एकानं मोबाइलच पुढे धरला. "काकू, महागाई पाच वर्षांत सगळ्यात खाली आलीय, आणि तुम्ही दर वाढवताय?"

काकू त्याला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "सर, पेपरात आलंय ते खरंय का हो? मग मी काय खोटं बोलतेय?"

गंमत वाटावी असा प्रश्न नाही हा. चार मुलं गेली तर काकूंचं महिन्याचं गणित कोसळतं. आणि त्या मुलाला घरून ठरावीक रक्कम येते, त्यातून दोनशे जास्त काढायचे म्हणजे कुठेतरी काटछाट आली. दोघंही खरं बोलत होते. हे कसं, ते सरकारच्याच आकड्यांतून दिसतं, फक्त ते आकडे आपण स्वतः मांडून पाहायला हवेत.

आधी आकडा येतो कुठून ते थोडक्यात. केंद्राच्या सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाखाली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेसाठी त्यांची माणसं ३१० शहरांतल्या १,११४ बाजारांतून आणि १,१८१ गावांतून दर महिन्याला किमती टिपत असत. २०१२ ची सरासरी पातळी १०० धरायची आणि त्या मानानं त्या महिन्याची पातळी मोजायची. पुढच्या महिन्याच्या साधारण १२ तारखेला आकडा जाहीर होतो. बातमीत येतो तो 'दर', म्हणजे या वर्षीच्या महिन्याचा निर्देशांक भागिले गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा निर्देशांक. हा भागाकार आहे एवढं डोक्यात ठेवा, सगळं भांडण त्यातच दडलंय.

आता फाईल. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ग्राहक किंमत निर्देशांकाचा वेगळा विभाग आहे, आणि २०२४ पासून 'ई-सांख्यिकी' नावाचं पोर्टलही आहे. तिथून एक्सेल किंवा सीएसव्ही उतरवून घ्या. पायथन बसवलेलं नसेल तर गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं. पांडाज नावाची लायब्ररी घ्यायची, तिच्या 'रीड सीएसव्ही'नं फाईल उघडायची. एक ओळ. इथपर्यंत सगळे आनंदात असतात.

रडारड पुढे सुरू होते, म्हणून इथे जरा थांबतो.

फाईलमध्ये प्रत्येक महिन्याची एक ओळ नसते. एकाच महिन्याच्या ढीगभर ओळी असतात : ग्रामीण, शहरी, एकत्रित, अखिल भारत आणि प्रत्येक राज्य, सर्वसाधारण निर्देशांक, अन्न, इंधन, कपडे. गाळणी न लावता सरळ आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी येतं. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं मला तसा आलेख अभिमानानं दाखवला होता, वर 'बाजारातील अस्थिरता' असा मथळा देऊन. (हशा) अस्थिरता कसली, एक टिंब गावाचं, दुसरं शहराचं! तर आधी 'अखिल भारत', 'एकत्रित' आणि 'सर्वसाधारण' एवढ्याच ओळी ठेवा, आणि मग मोजा की प्रत्येक महिन्याची एकच ओळ उरलीय ना. दोन असतील तर पुढे जायचं नाही.

दुसरं, महिना तिथे नावानं लिहिलेला असतो, इंग्रजीत. संगणकाला तो फक्त शब्द. क्रमानं लाव म्हटलं की तो इंग्रजी बाराखडीप्रमाणे लावतो : एप्रिल, मग ऑगस्ट, मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. म्हणून वर्ष आणि महिना जोडून 'टू डेटटाइम'नं खरी तारीख बनवायची आणि तारखेनं क्रम लावायचा.

तिसरी भानगड सगळ्यात वाईट, कारण ती एरर देत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या सुमारास किमती टिपणाऱ्यांचं फिरणं थांबलं. एप्रिल आणि मे २०२० चा नेहमीसारखा दर जाहीरच झाला नाही. नंतर अंदाजानं भरलेले निर्देशांक देण्यात आले. त्यामुळे तुम्ही कुठला तक्ता उतरवलाय त्यावर अवलंबून, तिथे आकडा असेल, रिकामी जागा असेल किंवा नुसती रेघ असेल. एक रेघ आली की पांडाज तो सगळा कॉलम मजकूर समजतं. मग लोक काय करतात? ती ओळच उडवतात. आता बघा हं, आपण दर काढताना 'शिफ्ट बारा' म्हणतो. आपल्या मनात बारा म्हणजे बारा महिने. संगणक मोजतो बारा ओळी! दोन ओळी उडवल्या असतील तर तिथून पुढचं वर्षभर तुमची तुलना चौदा महिन्यांपूर्वीशी होते. आलेख दिसतो छान, आकडे पार चुकीचे.

उपाय सोपा आहे. 'टू न्यूमरिक'नं रेघेचं रिकाम्या जागेत रूपांतर करा, तारीख हा निर्देशक ठेवा आणि 'अ‍ॅझफ्रेक'नं महिन्यांची सलग रांग लावा. जो महिना नाही तो रिकामा का होईना, पण आपल्या जागी उभा राहतो. बरेच जण दरासाठी 'पर्सेंट चेंज'चं तयार फंक्शन वापरतात. पांडाजच्या जुन्या आवृत्त्यांत ते फंक्शन रिकाम्या जागेत आधीचाच आकडा गुपचूप भरायचं. म्हणून मी अजूनही 'शिफ्ट'नं सरळ भागाकार करतो. माझं ऐकायलाच हवं असं नाही, पण आपण काय भागिलं ते दिसत राहतं.

फाईल शुद्ध झाली. आता पडद्याकडे बघा. दोन आलेख आहेत, एकाखाली एक, तारखेचा अक्ष एकच. वर निर्देशांक, खाली दर. जुलै महिन्यांवर मी उभ्या रेघा मारल्यात.

वरचे आकडे वाचतो. जुलै २०२२ : १७३.४. जुलै २०२३ : १८६.३. जुलै २०२४ : १९३.०. रेघ चढतेच आहे. खाली पाहा. जुलै २०२३ चा दर ७.४४ टक्के. आठवतं ना, टोमॅटोनं रडवलं होतं तो पावसाळा? जुलै २०२४ चा दर मात्र निम्म्याहून कमी.

याहून मजेशीर आहे ते आधीच्या महिन्यात. जून २०२४ चा दर ५.०८ होता. तिथून जुलैत एकदम साडेतीनच्या आसपास. केवढी घसरण! वर मात्र निर्देशांक जूनला १९०.२ आणि जुलैला १९३.०. म्हणजे एका महिन्यात किमती जवळजवळ दीड टक्क्यानं *वाढल्या* आणि त्याच महिन्यात 'महागाई उतरली' अशी बातमी आली. कसं? भागाकारातला खालचा आकडा पाहा. जून २०२३ ला तो १८१.० होता, जुलै २०२३ ला टोमॅटोमुळे १८६.३ वर उडाला. खालचा आकडा फुगला की भागाकार आपोआप लहान होतो. अर्थशास्त्रात याला 'पायाचा परिणाम' म्हणतात. काकूंनी जुलैत मंडईत जास्त पैसे मोजले होते. पोरानं पेपरात बरोबर वाचलं होतं.

समोरून हात वर झालाय. हां, बरोबर पकडलंत : १९३.० भागिले १८६.३ केलं तर ३.६० येतं, मग पेपरात ३.५४ का? कारण पहिल्यांदा जाहीर होतो तो तात्पुरता निर्देशांक. तेव्हा तो १९२.९ होता, पुढच्या महिन्यात अंतिम होताना १९३.० झाला. म्हणून तुमचा दर जुन्या बातमीशी जुळला नाही तर लगेच कोड तपासत बसू नका, आधी आकडा तात्पुरता की अंतिम ते बघा. शिवाय निर्देशांक एकाच दशांशापर्यंत छापला जातो. त्यात ०.१ चा फरक पडला की दरात सुमारे ०.०५ चा फरक पडतो. तेव्हा दराच्या दुसऱ्या दशांशावरून वाहिन्यांवर जे रणकंदन चालतं, त्याला मी फारशी किंमत देत नाही.

आता काकूंची टोपली. २०१२ च्या मालिकेत एकत्रित निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागात ५४.१८, शहरी भागात ३६.२९. डबेवाल्या बाईच्या वहीत कपडे, फी, मोबाइल रिचार्ज यांना जागाच नाही, जवळजवळ सगळं अन्नच. म्हणून तिसरी रेघ काढली, ग्राहक अन्न किंमत निर्देशांकाची. गाळणीतला फक्त गट बदलायचा, बाकी कोड तोच. अन्नाचा दर जुलै २०२३ ला ११.५१ टक्के आणि जुलै २०२४ ला ५.४२ टक्के. दोन्ही वर्षं एकावर एक चढवली, म्हणजे १.११५१ गुणिले १.०५४२, की दोन वर्षांत साधारण साडेसतरा टक्के वाढ. सर्वसाधारण निर्देशांकाची दोन वर्षांतली वाढ मात्र सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास. काकूंनी दर दोन वर्षांनी वाढवला होता. मग एका वर्षाच्या आकड्यानं त्यांना जाब विचारणं हेच मुळात चुकलं होतं.

अजून बारकाईनं करायचं असेल तर तेल, डाळी, भाजीपाला, धान्यं यांचे उपगट वेगळे घ्या. प्रत्येकाला सुरुवातीच्या महिन्यात १०० करा, तुमच्या वहीतल्या खर्चाच्या वाट्यानं गुणा आणि बेरीज करा. झाला तुमचा स्वतःचा निर्देशांक. फक्त प्रत्येक उपगटाला आधी १०० वर आणायला विसरू नका. भाजीपाल्याची रेघ वर्षभरात डोंगर चढते आणि उतरते, तेव्हा सुरुवातीचा महिना जुलै घेतला की जानेवारी, यानं सगळं चित्र बदलतं. जुलैची तुलना जुलैशीच करा.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूचीही होती. इंधनाचा दर तेव्हा शून्याखाली होता, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये घरगुती सिलिंडर दोनशेनं आणि मार्च २०२४ मध्ये आणखी शंभरनं स्वस्त झाला होता. त्यानं हा मुद्दा काढला असता तर काकूंना उत्तर देताना जरा विचार करावा लागला असता. अर्थात त्या वापरतात व्यावसायिक टाकी, आणि हा निर्देशांक मोजतो घरांचा खर्च, धंद्याचा नव्हे.

आलेखाच्या सजावटीबद्दल फार बोलत नाही. दर खांबांनी दाखवणार असाल तर अक्ष शून्यापासूनच हवा. निर्देशांकाच्या रेघेला ती सक्ती नाही, ती १५० पासून सुरू केली तरी चालेल, मात्र अक्षावर तसं स्पष्ट दिसू द्या. दराच्या आलेखात २ ते ६ टक्क्यांचा पट्टा फिकट रंगवा. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के आहे आणि दोन्हीकडे २ टक्क्यांची मुभा. २०२० च्या त्या दोन महिन्यांत रेघ तुटक ठेवा.

प्रश्न घेऊ या.

पहिला प्रश्न एका निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांचा आहे : महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो का? नाही. तो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो. तो काढतो लेबर ब्युरो, आणि त्याचं पायाभूत वर्ष २०१६ आहे. ती फाईल वेगळी. जुन्या २००१ च्या मालिकेशी ती जोडायची तर नव्या आकड्याला २.८८ नं गुणावं लागतं. न गुणता दोन्ही मालिका एकाच रेघेत ओवल्या तर आलेखात एक मोठा खड्डा दिसेल आणि तुम्हाला वाटेल स्वस्ताई आली!

दुसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे : पायाभूत वर्ष बदललं की आपला कोड मोडतो का? कोड मोडत नाही, अर्थ मोडतो. २०१२ वरून २०२४ वर जाण्याचं काम मंत्रालयानं हाती घेतलं, तेव्हा फाईलमध्ये पायाभूत वर्षाचा कॉलम असेल तर गाळणीत त्यालाही घ्या. दोन मालिकांतले आकडे एकमेकांनी थेट भागायचे नाहीत.

आणि शेवटची चिठ्ठी : डब्याचं काय झालं? दोनशे मागितले होते, दीडशेवर मिटलं. रविवारचं गोड आता पंधरा दिवसांतून एकदा असतं. पुढच्या वेळी येताना लॅपटॉप आणा आणि फाईल घरूनच उतरवून आणा, इथलं वायफाय सगळ्यांना पुरत नाही.