छडीवाला पाहुणा आणि बाकावरची माणसं

मुंबईतल्या सिम्फनीवर लिहायला बसलं की आपल्या लेखकांची गाडी थेट झुबिन मेहतांच्या दारात उभी राहते. माणूस त्या योग्यतेचा आहे, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की दारातल्या गर्दीत आतली माणसं कोणाला दिसतच नाहीत.

झुबिनची कारकीर्द वाचकांना पाठ आहे, म्हणून भराभर पुढे जातो. वडील मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली आणि पुढच्याच वर्षी मुलगा जन्मला. 1954 मध्ये तो व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला गेला. पाहुणा म्हणून उभं राहणं हा कोणत्याही संचालकाचा उमेदवारीचा काळ, पण या गड्याला पाहुणचारातच घर मिळालं. माँट्रियलला मार्केविच येऊ शकले नाहीत, लॉस एंजेलिसला फ्रिट्झ राइनर आजारी पडले. दोन्हीकडे हा ऐन वेळी छडी घेऊन उभा राहिला आणि दोन्हीकडे वाद्यवृंद त्याच्या हाती आला. लॉस एंजेलिसला तर आपल्याला न विचारता या पोराला नेमलं म्हणून सोल्तींसारखा दिग्गज रुसून निघून गेला. पुढे न्यूयॉर्क, तेल अविव, फ्लोरेन्स, म्युनिक. पुरे.

आता माझा खरा विषय. छडी कितीही थोर असली तरी तिच्यातून आवाज निघत नाही. समोर रोज बसून गज ओढणारी पन्नास-साठ माणसं लागतात, आणि त्यांच्या घरची चूल पेटावी लागते. मुंबईत ही चूल कोणी पेटवली? टाटांनी नाही, सरकारनं नाही, हिंदी सिनेमानं. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या मेस्त्रीच्या धाकात सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईत यायची, धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि ताडदेवच्या फेमस स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसायची. शंकर-जयकिशन यांच्या चाली आपण गुणगुणतो. पण त्यामागचा व्हायोलिनचा ताफा कागदावर मांडणारे सेबॅस्टियन डिसोझा किती जणांना ठाऊक आहेत?

आणि अँथनी गोन्साल्विस! लोकांना वाटतं, 1977 च्या सिनेमातल्या गाण्यासाठी बनवलेलं ते नाव. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक 1943 मध्ये नौशादांच्या ताफ्यात आला. प्यारेलाल त्याच्याकडे शिकले, आणि गुरूचं नाव पुढे त्यांनी गाण्यात अमर केलं. पण मला त्याचं मोल वेगळ्याच कारणासाठी. राग हा एका सुरातून दुसऱ्या सुरात वाहतो. सिम्फनीत एका वेळी अनेक सूर एकमेकांवर रचलेले. या दोन्हींचा संसार लावायचा ध्यास त्यानं घेतला. 1958 मध्ये पदरचे पैसे घालून इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसवले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला उभं केलं. ‘सोनातिना इंडियाना’ त्याचीच. याला कोणी सरदार-दरकदार भेटला नाही. 1965 मध्ये तो अमेरिकेला गेला, नंतर माजोर्ड्याला परतला आणि 2012 मध्ये वारला.

‘मराठी कानाला सिम्फनीचं वावडं’ असं आमचे एक विद्वान मित्र दर दिवाळीला लिहितात. त्यांनी कधी गाण्यातलं मधलं संगीत ऐकलंय की नाही, देव जाणे. मी जांब समर्थचा. समर्थांचं जन्मगाव, तेव्हा आमच्याकडे रामनवमी म्हणजे अख्ख्या गावाचं लग्न. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर गीतरामायण लागलं की बाया दळण टाकून ओट्यावर येत. बाबूजींच्या आवाजाला संगत करणारं प्रभाकर जोगांचं व्हायोलिन तिथेच कानावर पडलं. दोन कडव्यांच्या मध्ये चार व्हायोलिनं एकदम वर चढली की माझ्या अंगावर काटा यायचा. तो काटा बेथोव्हेन ऐकताना पुढे ओळखीचा वाटला. लताबाईंच्या कार्यक्रमांत वाद्यवृंद सांभाळणारे अनिल मोहिलेही याच मुशीतले. ही आमची सिम्फनीची बालवाडी.

ती बंद पडली. सिंथेसायझर आला, मग संगणक. चाळीस व्हायोलिनांचं काम एक पोरगा कळफलकावर करू लागला. बाक रिकामे झाले, आणि बापानं पोराच्या हाती व्हायोलिन द्यायचं कारण उरलं नाही. 2006 मध्ये खुशरू सनतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालियेव यांनी एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा पहिल्या फळीत कझाक वादकांचा भरणा करावा लागला तो उगीच नाही. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांनी आधी ताडदेवचा हिशेब मांडावा. या मंडळींनी झाकीर हुसेनांकडून तबल्यासाठी कॉन्चेर्तो लिहून घेतला, मुलांना शिकवायची सोय केली, हे माझ्या लेखी मोठं काम. मुंबईची सिम्फनी 2006 मध्येच जन्मली असं जे लिहितात, त्यांचं मात्र मला हसू येतं.

2023 मध्ये झुबिन मेहता या वाद्यवृंदासमोर उभे राहिले. सत्त्याऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या जन्मगावी, पाहुणे म्हणून. वर्तमानपत्रांनी पानं भरली. दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांची नावं एकानंही छापली नाहीत. एनसीपीएच्या हंगामाची यादी आली की मी आधी गोन्साल्विस शोधतो. एका संध्याकाळी त्याचा राग सारंगमधला कॉन्चेर्तो लावा. संचालक कोणीही आणा, जालन्याहून रात्रीची गाडी पकडून मी येतो.