परदेशातून फोन मागविताना : रंग, सुविधा आणि आपली खरी गरज

सिल्वासा परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील पुढची पिढी आता बऱ्याच अंशी अमेरिकेत, आखातात, सिंगापूरला किंवा इंग्लंडमध्ये नोकरी-व्यवसाय करीत आहे. दिवाळीला अथवा नातवंडांच्या सुट्टीत ही मंडळी घरी येण्यास निघाली, की तिकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘बाबा, तुमच्यासाठी फोन घेतोय, रंग कोणता हवा?’ प्रश्नामागे माया असते, म्हणून त्याचे मोल आहेच. परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे, की खरेदीत पहिला प्रश्न रंगाचा असतो आणि हा फोन आपल्या गावी नीट चालेल का, हा प्रश्न सर्वांत शेवटी, पुष्कळदा फोन घरी आल्यावर, विचारला जातो. डॉक्टरांच्या बाबतीत तर फोन म्हणजे रात्री-अपरात्री रुग्णाशी जोडणारा दुवा. तो दुवा पक्का राहावा, या हेतूने बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीतून काही गोष्टी येथे मांडीत आहे.

बाहेरचा रंग

प्रथम रंगाबद्दल बोलू, कारण त्याचे प्रकरण लवकर मिटणारे आहे. फोनच्या पाठीच्या रंगाचा त्याच्या वेगाशी, छायाचित्रांशी किंवा नेटवर्क पकडण्याच्या क्षमतेशी संबंध नसतो. २०१३ मध्ये आयफोन ५एस सोनेरी रंगात आला तेव्हा त्या रंगासाठी अनेक देशांत मोठी मागणी झाली. आतील यंत्रणा मात्र इतर रंगांच्या फोनसारखीच होती. शिवाय आपण बहुतेक जण घरी आल्याबरोबर फोनला आवरण घालतो. ज्या रंगासाठी दोन आठवडे निरोप चालले, तो रंग पुढे क्वचितच दृष्टीस पडतो.

तरीही रंग निवडायचाच असेल, तर दोन व्यावहारिक कसोट्या लावाव्यात. ड्यूटी रूमच्या टेबलावर चार काळे फोन पडलेले असतात; त्यांत आपला फोन चटकन ओळखू यावा असा रंग उपयोगाचा. दुसरे म्हणजे उष्णता. काळा पृष्ठभाग उन्हात लवकर तापतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापराचे सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कोणत्याच रंगाचा फोन ठेवू नये, हे खरे; पण काळा तर नक्कीच नको.

रंगापेक्षा पृष्ठभागाचा विचार आपल्याला अधिक करावा लागतो. वॉर्डात फिरणारा फोन वारंवार पुसावा लागतो. ॲपल व सॅमसंग या दोन्ही कंपन्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फोन हलकेच पुसण्यास मुभा देतात. ब्लीच मात्र वर्ज्य आहे. खाचाखोचांचे, कातडी किंवा कापडी आवरण दिसायला सुंदर असले, तरी ते नीट निर्जंतुक होत नाही. नवजात शिशूंच्या कक्षात ये-जा करणाऱ्याने साधे, गुळगुळीत, पुसता येणारे आवरण घ्यावे.

नाव एक, फोन निराळे

आता मुख्य मुद्दा. एकाच नावाचा फोन सर्व देशांत एकसारखा असतो, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक देशाचे नियम व तेथील दूरसंचार जाळे यांनुसार कंपन्या एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढतात. नाव तेच राहते, मॉडेल क्रमांक बदलतो.

सिमकार्डाचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच नाही. तेथे केवळ ई-सिम चालते. २०२५ च्या आयफोन १७ पासून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, कॅनडा व जपान येथील आवृत्त्याही तशाच झाल्या. म्हणजे आखातातून येणाऱ्या फोनबाबतही आता हा प्रश्न उभा राहतो. भारतातील आयफोन १७ मध्ये मात्र खाच आहे. याउलट चीनच्या मुख्य भूमीत विकल्या गेलेल्या अनेक आयफोनमध्ये दोन प्रत्यक्ष सिमकार्डे बसतात आणि ई-सिमची सोय नसते.

ई-सिम वाईट नाही. चोराला ते काढून फेकता येत नाही, हा तर गुणच आहे. पण डॉक्टरांनी पुढील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. रात्री फोन पडून बंद झाला. सिमकार्ड असेल, तर ते घरातील जुन्या फोनमध्ये घालून दोन मिनिटांत आपला क्रमांक पुन्हा सुरू होतो. ई-सिम असेल, तर कंपनीकडून ते दुसऱ्या फोनवर घेण्याचे सोपस्कार करावे लागतात, आणि तो दुसरा फोनही ई-सिम स्वीकारणारा असावा लागतो. तेवढ्या वेळात आलेला दूरध्वनी कोणाचा असेल, हे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट लहरींच्या पट्ट्यांची, ज्यांना आपण ‘बँड’ म्हणतो. रेडिओवर एखादे केंद्र लागण्यासाठी तो पट्टा रेडिओत असावा लागतो, तसेच हे आहे. भारतात ४जी साठी ८५०, १८०० व २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे महत्त्वाचे आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ५जी साठी एन७८ हा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरला जातो, आणि जिओ त्याच्या जोडीला एन२८ हा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरते. कमी कंप्रतेच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि झाडी व भिंती अधिक चांगल्या भेदतात. सिल्वासा शहरात हा फरक जाणवणार नाही. सुरंगीच्या पाड्यांकडे, खानवेल-दुधनीच्या डोंगराळ भागात किंवा सीमेपलीकडे जव्हार-मोखाड्याला जाणाऱ्यास मात्र तो जाणवतो. आयफोनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे पट्टे बहुधा असतात. अन्य कंपन्यांच्या केवळ अमेरिकी बाजारासाठी काढलेल्या काही फोनमध्ये यांपैकी एखादा पट्टा गाळलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट आवाजी संभाषणाची. जिओकडे जुने २जी-३जी जाळे नाही. २०१६ मध्ये सेवा सुरू झाल्यापासून तिचे बोलणे ४जी च्या माध्यमातूनच, म्हणजे ‘व्होल्टी’ पद्धतीने, चालते. परदेशी अँड्रॉइड फोनला येथील व्होल्टीची मान्यता नसेल, तर त्यावर इंटरनेट उत्तम चालेल, व्हॉट्सॲपही चालेल, पण साधा फोन लागणार नाही. रुग्णाची आजी व्हॉट्सॲपवरून नव्हे, साध्या फोनवरूनच बोलणार असते.

चौथी गोष्ट कुलुपाची. अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन पुष्कळदा त्या दूरसंचार कंपनीशी बांधलेला असतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यास ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले दिसले पाहिजे. ते तेथेच, विमानात बसण्यापूर्वी पाहावे.

देशोदेशींच्या कायद्यांमुळे सुविधाही बदलतात. अमिरातीत घेतलेल्या आयफोनवर अनेक वर्षे फेसटाइम मिळत नसे. जपानी फोनमध्ये छायाचित्र काढताना आवाज व्हावा, अशी तेथील प्रथा आहे. झोपलेल्या बाळाच्या श्वासाची गती टिपू पाहणाऱ्या आईला तो आवाज नको असतो. घड्याळांचेही तसेच. पेटंटच्या वादामुळे जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही ॲपल घड्याळांत रक्तातील प्राणवायू मोजण्याची सोय बंद होती. ती बदललेल्या स्वरूपात ऑगस्ट २०२५ मध्ये परत आली. अन्य देशांत विकलेल्या त्याच घड्याळांत ती चालू होती. अर्थात, घड्याळातील तो आकडा बालकाच्या उपचाराचा आधार मानू नये, हे आपण डॉक्टर जाणतोच. पालकांनाही सांगत राहावे.

पैशांचा हिशेब

परदेशात फोन स्वस्त मिळतो, हे काही वेळा खरे असते. आपल्याकडे फोनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि आयात केलेल्या फोनवरील सीमाशुल्क जुलै २०२४ मध्ये २० वरून १५ टक्क्यांवर आले. पण अमेरिकेत दुकानात लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो वेगळा लागतो. सामानाच्या शुल्कमुक्त मर्यादेचे नियमही बदलत असतात, ते निघण्यापूर्वी पाहावेत. हमी पुष्कळदा खरेदीच्या देशापुरती असते. पडदा फुटल्यास किंवा आतील भाग बिघडल्यास इथल्या सेवाकेंद्राने तो परदेशी मॉडेल क्रमांक स्वीकारला नाही, तर वाचलेले पैसे एका दुरुस्तीत जातात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा रंग

आता ज्या रंगासाठी हा लेख मी मुख्यत्वे लिहिला, त्याकडे वळतो. पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना कमी-अधिक कावीळ दिसते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते; थोड्यांची वाढते आणि वेळीच उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा करू शकते. हल्ली पालक बाळाचे छायाचित्र पाठवितात आणि विचारतात, ‘डॉक्टर, बाळ पिवळे वाटते का?’

येथे महागातला फोनही फसवितो. कॅमेरा प्रकाशाचा रंग अंदाजाने ओळखतो आणि पांढरी वस्तू पांढरी दिसावी अशा बेताने सर्व चित्राचे रंग बदलतो. पिवळ्या दिव्याखालील पिवळे बाळ त्यामुळे निरोगी दिसू शकते. पिवळ्या भिंतीजवळचे निरोगी बाळ पिवळे दिसू शकते. काही फोनमध्ये कातडी गोरी व नितळ करणारी ‘ब्यूटी’ योजना असते. हौसेच्या छायाचित्रात ती निरुपद्रवी. नवजात बाळाच्या बाबतीत ती रोग झाकते. पाहणाऱ्याच्या फोनवर रात्रीचा पिवळसर पडदा चालू असेल, तर चुकीत आणखी भर पडते. या अडचणीमुळेच वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ‘बिलीकॅम’ पद्धतीत बाळाच्या छातीवर रंगांचे प्रमाणित कार्ड ठेवून छायाचित्र घेतले जाई. नुसत्या कॅमेऱ्यावर त्यांनीही विश्वास ठेवला नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे : छायाचित्र पाठवायचेच असेल, तर दिवसाउजेडी खिडकीजवळ, दिवे बंद करून, शेजारी पांढरा कागद ठेवून आणि सर्व सजावटी योजना बंद करून घ्यावे. परंतु पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणारे सुस्त बाळ किंवा पांढरट शौच यांपैकी काहीही आढळल्यास छायाचित्र काढत बसू नये. बाळाला घेऊन यावे. रक्ततपासणीला फोन हा पर्याय नाही.

खरेदीपूर्वी

परदेशातील मुलांना पुढील पाच गोष्टी कळवाव्यात.

१. केवळ नाव न पाहता मॉडेल क्रमांक विचारावा व त्यातील बँड पाहावेत.
२. सिमकार्डाची खाच आहे की केवळ ई-सिम, हे पाहावे.
३. फोन कोणत्याही कंपनीशी बांधलेला नसावा.
४. भारतात हमी व सुटे भाग मिळतील का, याची खात्री करावी.
५. पावती जपावी व ‘*#०६#’ दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवावा. फोन हरवल्यास मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर तो क्रमांक लागतो.

या पाचांची उत्तरे समाधानकारक आली, की मग रंग मुलांनाच निवडू द्यावा. सुरंगीच्या पाड्यावरून रात्री फोन करणाऱ्या मातेला आपल्या फोनचा रंग कधी दिसणार नाही. तिला हवे असते ते एवढेच, की पहिल्या घंटेला फोन लागावा आणि पलीकडून डॉक्टरांचा आवाज यावा.