तीन पिढ्यांचा खेळ
जपानी कथा-गेमची ओळख : लेखांक ४

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात देशोदेशींचे खेळाडू मैदानात येऊ लागले, तेव्हा पहिली धून वाजली ती कोइची सुगियामा यांची. ती कुठल्या चित्रपटातली नव्हती, लष्करी संचलनाचीही नव्हती. ती होती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमची. मागोमाग ‘फायनल फँटसी’ आणि ‘क्रोनो ट्रिगर’ यांचंही संगीत ऐकू आलं. जपानमधल्या दोन पिढ्या या धुना ऐकत मोठ्या झाल्या आहेत. आपल्याकडे सोहळा पाहणाऱ्या बहुतेकांना मात्र त्यात ओळखीचं काही लागलं नसणार.

त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात आपल्या अनेक घरांत टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम आला, तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राचीच नक्कल होता. त्याच्याबरोबर ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटी आल्या. गोष्टी सांगणारे गेम त्या वाटेनं फारसे आले नाहीत, कारण त्यांत पडदाभर संवाद असत आणि तेही जपानीत. त्यामुळे उड्या आणि गोळीबार आपल्याला कळला, पण त्याच यंत्रावर वाढलेला कथेचा मोठा प्रवाह आपल्या हाताला लागलाच नाही.

त्या प्रवाहाच्या उगमाशी युजी होरी आहेत. ते अवाजी बेटावर जन्मले, वासेदा विद्यापीठात साहित्य शिकले आणि ‘शोनेन जंप’ या कॉमिक साप्ताहिकासाठी लिहू लागले. एनिक्स कंपनीच्या स्पर्धेत त्यांचा टेनिसचा गेम निवडला गेला आणि लेखक गेमच्या धंद्यात आला. त्या वेळी अमेरिकेत संगणकावर ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे भूमिका वठवण्याचे गेम गाजत होते, पण ते खेळायला कठीण होते. शाळकरी मुलालाही जमेल असं काहीतरी होरींना करायचं होतं. १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाले अकिरा तोरियामा यांची, संगीत सुगियामांचं.

त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. थांबायचं असेल तर पडद्यावर उमटणारी वीस अक्षरं वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तीच भरायची. दुसऱ्या भागात ती ५२ पर्यंत गेली. एक अक्षर चुकलं की कित्येक तासांची मेहनत बुडायची. बॅटरीवर खेळ साठवायची सोय आली ती १९८८ च्या तिसऱ्या भागात.

या लेखांकाचा विषय मात्र पाचवा भाग आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये तो फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीतल्या सुपर फॅमिकॉम यंत्रावर आला. जपानी गेममधली एकच गोष्ट अनुभवायची असेल, तर ती ही, असं ठामपणे म्हणता येईल. खेळायचं आधीच ठरवलं असेल, तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

गोष्ट सुरू होते तेव्हा नायक सहा वर्षांचा आहे. वडील पापास, म्हणजे इंग्रजी आवृत्तीतले पँक्राझ, त्याला घेऊन गावोगाव फिरताहेत. वाटेत राक्षस आडवे येतात तेव्हा वडील आपल्याबरोबर लढतात, पण त्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही. ते स्वतःच्या मनानं लढतात, आपल्या एका वारात त्यांचे दोन होतात आणि लढाई संपली की जखमी मुलावर उपचाराचा मंत्र टाकतात. आपण बटण न दाबता हे घडत राहतं. बाप पाठीशी आहे, हे गेम एका शब्दानंही सांगत नाही. मग एका ठिकाणी शत्रू मुलाच्या गळ्याला शस्त्र लावतो. बाप हात खाली घेतो. लढाईचा तोच ओळखीचा पडदा उघडतो, पण या वेळी पापास फक्त मार खात राहतात आणि खेळणाऱ्याच्या हाती काहीही नसतं.

त्यानंतर दहा वर्षांची गुलामगिरी, सुटका आणि लग्न. बालमैत्रीण बियांका की श्रीमंत घरची फ्लोरा, जिला इंग्रजीत नेरा म्हणतात, ही निवड खरोखर खेळणाऱ्यावर सोडलेली आहे. फ्लोराचे वडील पुढे भेटी पाठवतात. बियांकाकडे डोंगरातल्या खेड्यात आजारी वडील आहेत, बाकी काही नाही. कोणाशी लग्न केलंस, हा प्रश्न जपानी खेळाडू एकमेकांना तीस वर्षं विचारत आले आहेत. पुढे जुळी मुलं होतात आणि लगेच नायकाचा दगड होतो. पुतळा म्हणून तो विकला जातो, एका घराच्या अंगणात उभा राहतो. आठ वर्षं ऋतू बदलतात, त्या घरातलं बाळ चालू लागतं आणि आपण नुसतं पाहतो. अखेर त्याला सोडवायला येतात ती त्याचीच मुलं.

आणि इथे होरींचा सर्वांत मोठा डाव उघड होतो. कथेतली दैवी तलवार नायकाला पेलतच नाही. ती पेलणारा, भाकितात सांगितलेला वीर त्याचा मुलगा आहे. उत्तरार्धात तर नायक भूतकाळात परततो आणि सहा वर्षांच्या स्वतःला भेटतो. सुरुवातीला गावात भेटलेला, हातातला सोन्याचा गोळा बघायला मागणारा तो अनोळखी तरुण कोण होता, हे तेव्हा कळतं. तिथे वडीलही भेटतात. त्यांना पुढच्या संकटाची सूचना देता येते, पण ते ऐकत नाहीत. इतका हताश करणारा संवाद व्हिडिओ गेममध्ये क्वचितच लिहिला गेला असेल.

अमेरिकी परंपरेतल्या अशा गेममध्ये खेळाडू पात्र स्वतः घडवतो आणि वाट स्वतः निवडतो. होरींच्या परंपरेत कथा लेखकाची असते. खेळणाऱ्याकडे असतात चालणं, लढणं, पैसे साठवून चिलखत घेणं ही कामं. ती कंटाळवाणी वाटतात, हा आक्षेप खरा आहे आणि काही गेममध्ये ती फाजील लांबतातही. पण कथेतलं वजन याच कामांतून येतं. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ मध्ये नायकाची साथीदार एरिथ मारली जाते तेव्हा जगभरचे खेळाडू हेलावले, कारण तिला लढायला शिकवण्यात त्यांचे स्वतःचे तास गेले होते.

‘क्रोनो ट्रिगर’ हा या परंपरेतला सर्वांत चपळ गेम. १९९५ मध्ये होरी, तोरियामा आणि ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची यांनी एकत्र येऊन तो केला. सुरुवातीला जत्रा आहे. तिथे कुणाचा तरी डबा समोर दिसतो आणि आपण सहज खाऊन टाकतो. धक्का लागून पडलेल्या मुलीला आधी उचलतो की तिचं लॉकेट, तेही मनावर घेत नाही. पुढे खटला उभा राहतो आणि सरकारी बाजू याच गोष्टी पुराव्यात मांडते. सात पंच मत देतात. निकाल काहीही लागला तरी कोठडी चुकत नाही, पण खेळणारा तिथून पुढे प्रत्येक घरात जरा जपून पाऊल टाकतो.

याच परंपरेतला, जाहिरातलेखक शिगेसातो इतोई यांचा ‘मदर २’ (१९९४) हा गेम पूर्ण होण्याची चिन्हं नव्हती. सातोरू इवाता यांनी प्रोग्रॅमिंग हाती घेऊन तो मार्गी लावला. हेच इवाता पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. या गेममधल्या मुलानं बरेच दिवस आईला फोन केला नाही, तर त्याला घरची आठवण येते आणि ऐन लढाईत त्याचं लक्ष उडतं. अखेरच्या शत्रूसमोर तलवार नव्हे, प्रार्थना कामी येते आणि शेवटची प्रार्थना कोण करतं, ते इथे सांगणं अन्यायाचं होईल.

‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ला अधिकृत इंग्रजी अवतार मिळायला २००९ उजाडावं लागलं, तोही निन्टेन्डो डीएसवर. नंतर तो मोबाइलवर आला. ‘क्रोनो ट्रिगर’ मोबाइलवर आणि संगणकावर मिळतो. मराठीत यांपैकी एकही नाही. नवख्यानं ‘क्रोनो ट्रिगर’पासून सुरुवात करावी, तो साधारण वीस-पंचवीस तासांत संपतो. पाचव्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ला जास्त वेळ आणि सबुरी लागते. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर हा गेम त्याच्या हातात देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसा, संवाद मोठ्यानं वाचा आणि लग्नाचा निर्णय त्यालाच घेऊ द्या.