मन ताळ्यावर आले, आता बुद्धीची तालीम

दिवाळी नुकतीच आटोपली होती. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागल्या होत्या. अशा दिवसांत आमच्या तालुक्यातील एक दुकानदार पत्नीसह दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांचे खते-बियाण्यांचे कृषी केंद्र आहे. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थांची झोप रात्री दोन तासांवर आली. बडबड वाढली. अर्ध्या गावाला उधारीवर बियाणे वाटले आणि गरज नसताना दोन मोटारसायकली घेतल्या. पुढे चार महिने अंथरुणातून उठेनात. मनोविकारतज्ज्ञांनी 'बायपोलर' हे निदान करून लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. वर्षभरात सारे शांत झाले. केस बरी झाली म्हणून मीही खूश होतो.

पण ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोप लागते, कोणाशी भांडण नाही. पण उधारीची वही घेऊन बसलो का बेरीज तीनदा करतो अन् तिन्हीदा वेगळीच येते. गिऱ्हाईक तीन जिनसा सांगते, मी दोन काढतो अन् तिसरी विसरून जातो. ह्या गोळ्यायनं डोकं बोथट केलं माह्यं."

मी पाठीवर हात ठेवून म्हणालो, "भाऊ, मोठ्या दुखण्यातून उठलात. आराम करा, होईल हळूहळू."

त्यांनी हळूहळू होण्याची वाट पाहिली नाही. कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. होळीच्या आत पुन्हा उन्माद चढला, हंगामासाठी राखलेले पैसे उडाले आणि तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. ते मला एक लक्षण सांगत होते आणि मी त्यांना धीर देत बसलो, ही चूक माझी. आजचा लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

आजार कोणता?

बायपोलर म्हणजे मनाची दोन टोके. एका टोकाला उन्माद: झोपेची गरज कमी, उत्साह अफाट, खर्च बेसुमार. दुसऱ्या टोकाला नैराश्य. मधल्या काळात माणूस बराचसा पूर्ववत असतो. हा भूतबाधेचा किंवा स्वभावदोषाचा प्रकार नाही, मेंदूचा आजार आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. आजही ते या आजारावरील महत्त्वाचे औषध आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर हजारी सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, आणि त्यांतील शंभरांपैकी सत्तरांपर्यंत योग्य उपचार पोहोचत नाहीत.

मन शांत, पण बुद्धी मागे

मनाची दोन्ही टोके शांत झाल्यावरही अनेक रुग्णांमध्ये तीन गोष्टी मागे राहतात: लक्ष टिकत नाही, नवे लक्षात राहत नाही आणि कामाची आखणी जमत नाही. तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत रुग्णांत, म्हणजे बऱ्याच घरांत, हे आढळते. उन्मादाचे झटके जितके जास्त, तितकी ही उणीव जास्त दिसते. म्हणून बुद्धी वाचवायची असेल तर पहिला उपाय म्हणजे पुढचा झटका टाळणे. गोळ्या बंद करणारा माणूस जे वाचवायला निघतो, तेच घालवून बसतो.

घरच्यांना हे दिसत नाही. माणूस जेवतो, बोलतो, हसतो, मग काम का करत नाही? लगेच 'आळशी' असा शिक्का बसतो.

आधी हे तपासा

बुद्धी मंदावण्याची काही कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात. लिथियम घेणाऱ्यांत थायरॉइड मंदावू शकते आणि त्यानेही विसरभोळेपणा येतो. म्हणून थायरॉइड, मूत्रपिंड, कॅल्शियम व रक्तातील लिथियमचे प्रमाण यांची तपासणी तज्ज्ञ सांगतील तेव्हा करावीच. ब जीवनसत्त्वाची (बी-12) कमतरता, अपुरी झोप, दारू, उरलेले नैराश्य, झोपेच्या गोळ्यांची सवय हेही पाहावे. औषध खरोखर जड जात असेल तर मात्रा बदलता येते, पण ती डॉक्टरांनी बदलायची.

आपल्या जिल्ह्यातील उन्हाळ्यात एक पथ्य विसरू नये. मे महिन्यात घाम व जुलाबांनी अंगातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. हात थरथरणे, तोल जाणे, उलट्या, गुंगी दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. पाणी भरपूर प्यावे, मीठ एकाएकी बंद करू नये. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, त्यांनीही लिथियम चढते.

तालीम म्हणजे काय?

हे सारे पाहूनही उणीव उरली तर 'कॉग्निटिव्ह ट्रेनिंग', म्हणजे बुद्धीची तालीम, हा उपाय आहे. मोडलेला हात प्लास्टर काढल्यावर व्यायामाने चालू करावा लागतो, तसेच हे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचे लक्ष सुधारण्यासाठी मिसळलेले धान्य वेगळे करण्यासारखे साधे काम वापरले गेले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठीही घरी करण्याजोगे प्रशिक्षण तेथे करून पाहिले आहे. आपल्या आया-बहिणी सुपात डाळ निवडतात, त्यात नजर, लक्ष आणि चिकाटी तिन्ही लागतात. फरक एवढाच, की तालमीत वेळ मोजतात, चुका मोजतात आणि काम पायरीपायरीने अवघड करतात.

फायदा किती?

वाचकांना खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. स्पेनमधील दहा केंद्रांत 239 बायपोलर रुग्णांवर झालेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला दीड तास, अशा 21 बैठका झाल्या. त्यांत स्मरण, लक्ष व आखणीच्या युक्त्या रोजच्या कामाला जोडून शिकवल्या. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचे दैनंदिन व्यवहार सुधारले. मात्र आजाराची नीट माहिती देणाऱ्या बैठकांच्या तुलनेत फरक निर्णायक ठरला नाही, आणि बुद्धीच्या चाचण्यांतील गुणही फारसे वेगळे आले नाहीत. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 24 आठवड्यांत सुमारे 70 तास संगणकावर सराव झाला. चाचण्यांतील गुण वाढले, पण तेवढ्याने कामधंदा आपोआप सुधारला नाही. डेन्मार्कमधील बारा आठवड्यांच्या गटशिक्षणाने तर विशेष फायदा दिसला नाही.

यातून मी घेतलेला बोध असा: तालीम थोडक्यात आटोपू नये, ती रुग्णाच्या स्वतःच्या कामाला जोडावी आणि गोळ्यांच्या जोडीने करावी, गोळ्यांऐवजी नव्हे. मोबाइलवर 'बुद्धी वाढवणारे खेळ' खेळत रात्री जागरण केले तर फायद्याऐवजी तोटाच होईल. या आजारात झोपमोड हीच नव्या झटक्याची पहिली पायरी ठरू शकते.

घरी काय करावे?

1. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी. लग्नसराईतही ती मोडू नये.
2. एकच वही खिशात ठेवावी. सांगितलेले काम तेव्हाच लिहावे, झाले की खोडावे.
3. अवघड काम सकाळी, डोके ताजे असताना, वीस-पंचवीस मिनिटेच करावे. मग थोडी विश्रांती घ्यावी.
4. एका वेळी एकच काम करावे. हिशोब करताना फोन व टीव्ही बंद.
5. वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून ती झाकावी आणि घरच्यांना सांगावी. आठवड्याने मोठी बातमी घ्यावी.
6. मोठ्या कामाचे तुकडे पाडून क्रमाने कागदावर लिहावेत.
7. घरच्यांनी चूक झाली तर रागावू नये, आणि सगळे काम काढूनही घेऊ नये.

मनात जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा झोप एकदम कमी होऊन उत्साह चढत असेल, तर तालीम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आपल्या हाताशी आहेत. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आता त्या दुकानदारांविषयी. रुग्णालयातून आल्यावर त्यांची थायरॉइडची तपासणी झाली, ती कमी निघाली. त्यावर गोळी सुरू झाली, लिथियमही नेमके बसवले गेले. थोडा फरक पडला, पण पुरता नाही. मग मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्याच उधारीच्या वहीवर सराव बसवून दिला: पहिल्या महिन्यात रोज पाच खाती, मग दहा, चुका पत्नीने मोजायच्या. आठ महिने झाले. सकाळचे दोन तास ते स्वतः हिशोब करतात. हंगामाच्या गर्दीत मुलगा शेजारी बसतो. परवा रक्त तपासायला आले तेव्हा मी विचारले, "भाऊ, पूर्वीसारखं जमतं का?"

"पहिल्यासारखं नाही जमत," ते म्हणाले, "पण बेरीज दोनदा केली का दोन्हीदा सारखीच येते."

बाजूला उभ्या असलेल्या वहिनींनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढून मला दाखवली. त्या दिवसापर्यंतचे सगळे कप्पे रिकामे होते.