शिल्लक पुढे

बँकेत लेजरचं पान भरलं की तळाची शिल्लक नव्या पानावर ओढायची, हा रोजचा रिवाज होता. कागद जीर्ण होतो, आकडा पुढे जातो. संगणकातल्या मजकुरालाही हाच नियम लागू आहे, हे मला दादाच्या लॅपटॉपने शिकवलं.

दादा अमेरिकेत असे. त्याच्या पश्चात वहिनींनी त्याचा ‘पॉवरबुक डुओ’ आणि ‘डुओ डॉक’ माझ्याकडे पाठवला. ‘ॲपल’ने १९९२ साली काढलेली ही जोडी. लॅपटॉप हलका, दोन किलोच्या आत. पण त्यात फ्लॉपीची सोय नाही, बाहेरची डिस्क जोडायलाही जागा नाही. ते सगळं डॉकमध्ये. व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवावी तसा लॅपटॉप आत सरकवायचा, की मोटर तो ओढून घेते.

त्यात आईच्या आठवणी होत्या. दादा तिला फोनवर विचारून रोमन लिपीत मराठी टाइप करत असे. पण लॅपटॉपची डिस्क आता कण्हत फिरत होती. ती ८० एमबीची, १.४४ एमबीच्या फ्लॉप्या पन्नासहून अधिक लागल्या असत्या. पुतण्या म्हणाला, “काका, डॉकच्या पोटात दुसरी डिस्क बसवू. सगळं एकदम उतरेल.”

साडेतीन इंची जुनी ‘स्कझी’ डिस्क मिळवली. या पद्धतीत प्रत्येक यंत्राला ० ते ७ पैकी एक क्रमांक असतो. ७ संगणकाचा, ० लॅपटॉपच्या डिस्कचा. नवीला आम्ही ३ दिला. एकाच नंबरची दोन टोकनं वाटली तर कॅशच्या खिडकीशी जे होईल, तेच इथे होतं! पन्नास तारांची चपटी पट्टी, तिची लाल कड पहिल्या पिनकडे. मग विजेची जोडणी. ‘ॲपल’चा मूळ प्रोग्राम परक्या डिस्कला ओळख देईना, खातं उघडायला पूर्वी ओळख देणारा लागे, तसा दुसरा प्रोग्राम शोधावा लागला.

नक्कल पुरी झाली. आठवणींची फाइल लगेच फ्लॉपीवरही घेतली. पंधरा दिवसांनी लॅपटॉपची डिस्क फिरायचीच थांबली.

त्या फाइलमध्ये वाचलं, की माझी कॉलेजची पहिली फी आईने घरातला तांब्याचा बंब मोडून भरली होती. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्या माळ्यावर असं एखादं यंत्र असेल, तर ते फिरतंय तोवर खाली काढा.