पळीभर अन्न

वैशाख सरत आला म्हणजे सह्याद्रीच्या घाटवाटांवर एक मनोहर दृश्य दिसते. एखाद्या जुनाट आंब्याच्या किंवा ऐनाच्या खोडावरून पांढऱ्या, जांभळट ठिपक्यांच्या फुलांचा हातभर लांब तुरा खाली लोंबत असतो. गजऱ्यासारखी दाट गुंफलेली ती फुले पाहून आपल्या लोकांनी त्या वनस्पतीला ‘सीतेची वेणी’ असे समर्पक नाव दिले आहे. आसामात तिला ‘कपौ फुल’ म्हणतात आणि बिहू नृत्याच्या वेळी तेथील तरुणी ती केसांत माळतात. ही वनस्पती आमरीच्या, म्हणजेच ऑर्किडच्या कुळातील होय.

मुलांनो, हा तुरा पाहून तुमच्या मनात एक प्रश्न सहज उद्भवेल. हिची मुळे मातीत नाहीत, मग ही खाते तरी काय? पुष्कळांना वाटते की, ही एक बांडगूळच असून झाडाचा रस शोषून जगते. पण हा आमरीवर अन्याय आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे झाडाच्या अंगात खुपसते. आमरी मात्र झाडाच्या सालीला केवळ धरून राहते. ती झाडाकडे आसरा मागते, अन्न मागत नाही. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. तिचे अन्न कोणते आणि ते किती, हे मला एका चुकीमुळे नीट समजले. ती चूक माझी स्वतःचीच असल्याने सांगण्यास संकोच वाटत नाही.

मी तेव्हा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. २००५ सालच्या आषाढात मोठे वादळ झाले आणि आमच्या सहावीतील एका मुलाच्या दारचा आंबा उन्मळून पडला. तो त्याच्या आजोबांनी लावलेला होता आणि आजोबा आदल्याच वर्षी वारले होते. पडलेल्या फांदीवरची सीतेची वेणी सालीसकट सोडवून तो मुलगा ती शाळेत घेऊन आला. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे आता झाडच उरलं नाही. ही शाळेत लावाल का?”

आम्ही ती वनस्पती काथ्याने एका ओंडक्याला बांधून पूर्वेच्या व्हरांड्यात टांगली. दिवाळीपर्यंत तिला हिरव्या टोकांची नवी मुळे फुटली. माझा उत्साह दुणावला. मला वाटले, वाऱ्यावर जगणारी ही बिचारी अर्धपोटीच असणार! मग मी तिला आठवड्यातून दोनदा शेणाचा दाट काला आणि भुईमुगाच्या पेंडीचे पाणी घालू लागलो. संक्रांतीच्या सुमारास पाने सुरकुतली. ती भुकेली आहे असे समजून मी अन्न आणखी वाढवले. मधल्या सुट्टीत तो मुलगा रोज तिच्यापाशी उभा राहत असे. एके दिवशी त्याने हळूच विचारले, “सर, ती मरते आहे का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शाळेच्या बागेत काम करणारे एक वृद्ध माळी होते. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. त्यांनी एक काळवंडलेले मूळ चिमटीत धरून किंचित ओढले. वरचे कुजके साल गळून आले आणि हाती नुसता दोरा राहिला. तात्या म्हणाले, “गुरुजी, ही उपासमारीनं नाही गेली, जेवू घालून घालून तुम्ही हिला मारत आणलीत. हिला पान वाढायचं नसतं. हिला तीर्थ द्यायचं असतं, पळीभर.”

तात्यांच्या या साध्या बोलण्यात वनस्पतिशास्त्राचे एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. रानातील आमरीचे जेवण कसे असते, ते पाहा. पाऊस पानापानांवरून ओघळत खाली येतो. येताना तो पानांवरची धूळ, पाखरांची विष्ठा आणि सालीच्या खाचांत कुजलेला पालापाचोळा यांचा अंश धुऊन आणतो. हे पाणी मुळांवरून वाहून जाते. त्यात नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी द्रव्ये असतात खरी, पण ती अत्यल्प. आमरीच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे वेष्टन असते. ते हे ओझरते पाणी तत्काळ टिपून घेते. कोरडे मूळ पांढरे दिसते आणि भिजले की हिरवट होते, ते या वेष्टनामुळेच. पाऊस थांबला की वाऱ्याने मुळे पुन्हा सुकतात. थोडे अन्न, पुष्कळ पाणी आणि खेळती हवा, असा हा तिचा परिपाठ होय.

आता दाट खताने मुळे का मरतात, ते समजून घ्या. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पातेल्यात पाणी साचते. फोडींच्या आतील पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढले जाते. या क्रियेस परासरण म्हणतात. मुळाभोवती क्षारांचे तीव्र पाणी असले म्हणजे हाच प्रकार घडतो. मूळ पाणी पिण्याऐवजी आपलेच पाणी गमावून बसते. म्हणून माझ्या आमरीची पाने सुरकुतली. ती तहानेची खूण होती आणि मी तिला भुकेची खूण समजलो. त्यातच दाट काल्याने मुळांना हवा मिळेनाशी झाली आणि ती कुजली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वनस्पती शेण किंवा पेंड जशीच्या तशी खात नाहीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी १८४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वनस्पतींचे पोषण खनिज द्रव्यांवर होते, या मताचा जोरदार पुरस्कार केला. शेण, पेंड, साली हे पदार्थ सूक्ष्म जीवांनी कुजवले म्हणजेच त्यांतील नत्र वनस्पतीला घेता येईल अशा रूपात येतो. जमिनीत हे काम मातीतील जीव करतात. आमरीच्या मुळांशी माती नसते. म्हणून घरगुती खत कुजवण्याचे काम भांड्यातच पुरे करून मग ते तिला द्यावे लागते.

त्याची रीत अशी. भुईमुगाची पेंड पन्नास ग्रॅम घेऊन ती एक लिटर पाण्यात भिजवावी. भांड्यावर सैल झाकण ठेवावे आणि आठ-दहा दिवस रोज काठीने ढवळावे. वास येतो, म्हणून भांडे घरापासून दूर असावे. नंतर ते पाणी फडक्यातून गाळून घ्यावे आणि एक वाटी निवळीत तीस वाट्या साधे पाणी मिसळावे. हे पाणी फिकट चहाहूनही फिकट दिसले पाहिजे. जुन्या, मुरलेल्या शेणखताची किंवा गांडूळखताची निवळीही अशीच गाळून, भरपूर पाणी घालून वापरता येते. कोकणात मासे धुतलेले पाणी झाडांना घालण्याची चाल आहे. आमरीला ते द्यायचे तर त्यात मीठ मुळीच नसावे आणि तेही कुजवून, गाळून, खूप पातळ करूनच द्यावे.

घरातील प्रत्येक टाकाऊ पदार्थ मात्र उपयोगी पडेलच असे नाही. तांदळाच्या धुवणात थोडे पोषण असते, पण त्यातील पिठामुळे मुळांवर बुरशी चढते आणि मुंग्या येतात. म्हणून ते द्यायचेच झाले तर ताजे व पातळ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने मुळे धुऊन काढावीत. केळीच्या सालीत पालाश असतो. परंतु साल मुळांवर ठेवू नये, ती खताच्या खड्ड्यात कुजू द्यावी. अंड्याचे कवच पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा त्याचे पाणी करण्यात अर्थ नाही. चुलीची राख तीव्र अल्कधर्मी असते, ती मुळांना पोळते. दूध आणि साखर यांची तर आमरीला गरजच नाही; तिची साखर ती स्वतःच सूर्यप्रकाशात बनवते.

अन्न देण्याचाही एक क्रम आहे. सकाळच्या वेळी प्रथम साध्या पाण्याने मुळे भिजवून हिरवी होऊ द्यावीत. कोरडी मुळे तीव्र पाणी एकदम ओढून घेतात. मग पळी-दोन पळ्या खताचे पाणी मुळांवरून ओघळू द्यावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. नवी मुळे, नवी पाने येत असतात अशा दिवसांत, म्हणजे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, पंधरवड्यातून एकदा एवढे अन्न पुरते. तीनदा अन्न दिल्यावर चौथ्या वेळी केवळ साधे पाणी भरपूर घालून साचलेले क्षार धुऊन टाकावेत. साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर फारच उत्तम. थंडीत ती विश्रांती घेते, तेव्हा खत बंद ठेवावे.

तात्यांनी आमच्या आमरीची सगळी काळी मुळे स्वच्छ सुरीने कापून टाकली. एकच जिवंत मूळ उरले. पावसाळा येईपर्यंत आम्ही तिला सावलीत टांगून केवळ साध्या पाण्याचा शिडकावा देत होतो. आषाढात दोन नवी मुळे फुटली, तेव्हा पळीभर अन्नाला आरंभ केला. पळी त्या मुलाच्याच हाती दिली. सातवी होऊन तो तालुक्याच्या शाळेत गेला, तरी दर पंधरवड्याच्या शनिवारी तो येऊन जात असे.

२००८ सालच्या ज्येष्ठात शाळा उघडली आणि व्हरांड्यात एक आखूडसा तुरा डोलताना दिसला. मी निरोप धाडला. मुलगा आला आणि बराच वेळ पाहत उभा राहिला. “आजोबांच्या झाडावर याहून लांब तुरा यायचा,” तो म्हणाला. मग हसून म्हणाला, “पण तीच आहे, सर.”

तुम्हीही आमरी पाळावी, पण रानातील झाडावरून ती ओरबाडून आणू नये. तिचे बी धुळीसारखे बारीक असते. रुजताना त्याला एका बुरशीचा आधार लागतो आणि फूल येण्यास कित्येक वर्षे लोटतात. वादळात पडलेल्या फांदीवरची किंवा रोपवाटिकेतली आमरी आणावी. आणल्यावर तिला खाऊ घालण्याची घाई करू नये. आधी तिची मुळे निरखावीत. देणाऱ्याने आपल्या ओंजळीचा आकार पाहू नये, घेणाऱ्याची भूक पाहावी. माझी ओंजळ मोठी होती, पण तात्यांना भूक कळत होती.